हळद नापास

आपल्याकडे चारचौघांत शिंकणं धोक्याचं आहे. जंतूंमुळे नव्हे, चारचौघांमुळे. रुमाल नाकाशी जातो न जातो तोच एकजण म्हणतो, "आल्याचा रस आणि मध." दुसरा म्हणतो, "मध कसला? ओव्याची पुरचुंडी शेकून हुंगा." तिसऱ्याला हे दोघेही अडाणी वाटतात, कारण त्याच्या आजोळी गवती चहाशिवाय कोणी कधी बरं झालेलंच नाही. शिंकणारा बिचारा दुसरी शिंक दाबतो आणि पुढच्याच स्टॉपवर उतरतो.

यातल्या एखाद्याला "हे तुम्ही कधी तपासून पाहिलंय का?" असं विचारून बघा. त्याच्या आईवडिलांच्या लग्नाचा दाखला मागितल्यासारखा चेहरा होतो त्याचा.

आमच्या नववीतल्या कन्येनं नेमकं हेच विचारायचं ठरवलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय घेतला, 'घरगुती औषधी पदार्थांचा जिवाणूंच्या वाढीवर होणारा परिणाम'. मी म्हटलं, "ज्वालामुखी कर. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, थोडा लाल रंग. अर्ध्या तासात काम, आणि परीक्षकांना फेस आवडतो." पण मी एके काळी मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. केलंय ही जुनी भानगड तिला कुठून तरी कळली होती. त्या पदवीच्या जोरावर मी हल्ली बँकेत गृहकर्जाचे अर्ज तपासते. कन्या म्हणाली, "आई, तुला येतं हे सगळं." आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मला काहीतरी येतं असं म्हटलं आणि मी फसले.

पद्धत तशी सोपी. ताटलीत आगरचा थर ओतायचा, त्यावर जिवाणूंचा हात फिरवायचा आणि वर कागदाच्या छोट्या छोट्या चकत्या ठेवायच्या. एका चकतीला लसणाचा रस, एकीला हळद, एकीला मध. रात्रभरात जिवाणू सगळीकडे उगवतात. ज्या चकतीनं त्यांना अडवलं तिच्याभोवती स्वच्छ गोल राहतो. तो गोल मिलिमीटरमध्ये मोजायचा. बाउअर, कर्बी आणि मंडळींनी 1966 मध्ये ही पद्धत शिस्तीत बसवली. डॉक्टर कल्चर करायला सांगतात तेव्हा कुठलं अँटिबायोटिक चालेल हे अजूनही बऱ्याच ठिकाणी असंच बघतात.

इथवर सगळं ठीक होतं. मग कन्येनं हा विषय कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

संध्याकाळपर्यंत उमेदवारी अर्ज सुरू झाले. माझ्या वडिलांनी लसूण पाठवला, तोही साधा नाही, एकपाकळीचा. नणंदेनं महाबळेश्वरहून आणलेला मध दिला. समोरच्या काकूंनी स्टीलच्या डब्यातून काढा आणला, त्यात काय काय आहे हे सांगायला मात्र नकार दिला, कारण तो त्यांच्या सासूबाईंनी मरतेवेळी फक्त त्यांनाच सांगितला होता. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी कडुनिंबाची अख्खी फांदी लिफ्टमध्ये ठेवून दिली. आणि आमच्या सासूबाईंनी कोणाला काही न विचारता ओट्यावर हळदीची बरणी ठेवली. सासूबाई सांगलीच्या. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते सासूबाईंनाच मिळालं आहे, अशी आमच्या घरात सर्वसाधारण समजूत आहे.

पहिलं विघ्न जिवाणूंच्या जेवणात आलं. नेहमीच्या न्यूट्रियंट आगरमध्ये गोमांसाचा अर्क असतो. कन्येनं बरणीवरचं ते वाचलं, आणि मोठ्यानं वाचलं. स्वयंपाकघरात जी शांतता पसरली ती वर्णन करण्यासारखी नाही. शेवटी सोयाबीन आणि दुधातलं केसीन यांपासून केलेलं माध्यम मागवलं. त्याच्या लेबलावर 'पॅन्क्रिॲटिक डायजेस्ट' असे दोन शब्द होते. केसीन पचवायला स्वादुपिंडातला रस वापरलेला असतो. कुठल्या प्राण्याच्या स्वादुपिंडातला, हा प्रश्न यायच्या आत मी लेबल ओलं करून खरवडून काढलं.

सासूबाईंचा राग घालवायला मी त्यांना इतिहास सांगितला. "आई, रॉबर्ट कॉख सुरुवातीला उकडलेल्या बटाट्याच्या फोडींवर जंतू वाढवायचे." त्या म्हणाल्या, "मग ते बरं होतं की. उपासालाही चाललं असतं." मग मी आगरची गोष्ट सांगितली. कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटिन वापरायचे. ते उन्हाळ्यात वितळायचं आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. तिथं काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नीनं, फॅनी हेसे यांनी, 1881 मध्ये सुचवलं की मी जेली आणि पुडिंग आगर घालून करते, ती उन्हातही वितळत नाहीत, तेच घ्या ना. म्हणजे आपलं चायना ग्रास. जगभरच्या प्रयोगशाळा आजही याच बाईच्या पुडिंगवर चालतात. आणि नाव कोणाचं झालं? 1887 मध्ये झाकणवाली ताटली काढणाऱ्या पेट्री साहेबांचं. पुडिंग बाईचं, नाव ताटलीवाल्याचं.

ही गोष्ट सासूबाईंना फार आवडली. त्या तत्काळ प्रयोगाच्या बाजूनं झाल्या आणि पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "साखर घातली नाहीस."

निर्जंतुकीकरणाला प्रेशर कुकर. पुस्तकात लिहिलंय, 15 पौंड दाब, 121 अंश सेल्सिअस, 15 ते 20 मिनिटं. घरात एकच प्रश्न, "किती शिट्ट्या?" मी म्हटलं, "शिट्ट्या नाही, मिनिटं मोजायची. वाफ धरली की गॅस बारीक करून वीस मिनिटं." सासूबाई म्हणाल्या, "राजमा शिजतो एवढ्यात. जंतू काय राजम्यापेक्षा चिवट असतात?" काही जंतूंचे बीजाणू खरोखरच राजम्यापेक्षा चिवट असतात, साध्या उकळत्या पाण्याला ते दाद देत नाहीत. पण हे सांगून मला त्यांच्या राजम्यावर बोट ठेवायचं नव्हतं.

आता जंतू. नवरा म्हणाला, "घरचेच वापरा. माझ्या मोबाइलवर भरपूर असतील." असतीलच. पण कोण कुठले ते माहीत नसताना त्यांना खायला-प्यायला घालून कोटींच्या संख्येनं वाढवणं शहाणपणाचं नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून मी बॅसिलस सबटिलिस आणला. हा मातीत, गवतात राहणारा सज्जन जिवाणू. जपानमध्ये नाट्टो आणि नागालँडमध्ये अखुनी म्हणून सोयाबीन आंबवून खातात, त्यात हाच असतो. एवढं सांगितल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कोणाला त्रास देत नाही, लोक आवडीनं खातात, मग आपण त्याला मारायचा कशासाठी?"

याचं उत्तर मायक्रोबायॉलॉजीत नाही.

मग कंट्रोल. कन्येनं वहीत लिहिलं, 'एक चकती नुसत्या पाण्याची.' घरात यावरून जितकं भांडण झालं तितकं वाटणीवरून झालं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, पाण्यानं काहीच होणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे, मग जागा कशाला अडवायची? "काहीच होत नाही हे दिसावं म्हणूनच," कन्या म्हणाली. काकूंनी तोडगा काढला. "साधं पाणी नको, शोभत नाही. माझ्याकडे गंगाजल आहे, सीलबंद." आता पंचाईत अशी, की अर्नेस्ट हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं आग्र्याला काम करताना 1896 मध्ये लिहून ठेवलंय की गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पुढे बऱ्याच जणांनी याचं श्रेय जिवाणू खाणाऱ्या विषाणूंना, म्हणजे फाजना दिलं. म्हणजे काहीही न करण्याच्या कामावर गंगाजल ठेवताच येईना. मी काकूंना सांगितलं, "तुमचं पाणी या कामासाठी जास्त पवित्र आहे." त्या खूश होऊन गेल्या. मी औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं.

तुळशीबद्दल आधीच ठरलं होतं. सासूबाईंनी बजावलं होतं, "तुळशीची परीक्षा घ्यायची नाही." तिला बिनविरोध निवडून दिलं.

निकालाची सकाळ. घरातले सगळे चहाचे कप घेऊन जेवणाच्या टेबलाभोवती. मी झाकणं चिकटपट्टीनं बंद केली होती, कारण ताटल्या उघडायच्या नसतात, बाहेरूनच बघायच्या. तरी एकीची पट्टी सुटलेली होती. नवऱ्यानं रात्री "कसं काय चाललंय" हे बघायला ती उघडली होती आणि बघता बघता शिंकला होता. पुढे तिच्यावर हिरवी बुरशी आली आणि हा गृहस्थ फ्लेमिंगच्या गोष्टी सांगू लागला. फ्लेमिंगच्या ताटलीवर 1928 मध्ये बुरशी आली आणि पेनिसिलिन सापडलं, हे खरं. त्याआधी त्यांनी स्वतःच्या सर्दीचा शेंबूड ताटलीवर घालून लायसोझाइम शोधलं होतं, हेही खरं. "मी दोन्ही एकदम केलं," नवरा म्हणाला. त्या बुरशीभोवती जिवाणू सुखानं नांदत होते. नोबेल थोडक्यात हुकलं.

लसणानं बाजी मारली, पण भलत्याच अटींवर. ठेचलेल्या कच्च्या लसणाभोवती ऐसपैस गोल, अख्ख्या पाकळीभोवती जवळपास काही नाही, आणि सासूबाईंच्या तुपातल्या फोडणीतल्या लसणाभोवती तर जिवाणू अंगतपंगत करून बसलेले. कारण लसणात औषध तयार नसतंच. पाकळी ठेचली की तिच्यातलं एक विकर कामाला लागतं आणि ॲलिसिन बनवतं. अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी 1944 मध्ये ते वेगळं काढलं. आधीच तापवलं की विकर मेलं आणि औषध संपलं. मी वडिलांना फोन केला. ते रोज सकाळी अनशापोटी एक अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळतात. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "माझ्या पोटात ठेचली जाते ती." पुढे बोलण्यासारखं राहिलं नाही. लसूण ठेचायचं काम नवऱ्याकडे होतं. त्या दिवशी लिफ्टमध्ये त्याच्याभोवती जे मोकळं वर्तुळ पडलं ते मिलिमीटरमध्ये मोजण्याजोगं नव्हतं.

काकूंच्या काढ्याचा निकाल नाजूक होता. डबा ओट्यावर बरेच दिवस झाकून ठेवलेला. त्यांच्या चकतीभोवती गोल पडला नव्हता, उलट आम्ही न लावलेल्या दोन-तीन नव्या रंगांच्या वसाहती उगवल्या होत्या. म्हणजे काढ्यानं जंतू मारले नव्हते, सोबत आणले होते. यात काढ्याचा फार दोष नाही. डच कापडव्यापारी लेव्हेनहुक यांनी मिरी तिखट का लागते हे शोधायला मिरी पाण्यात भिजत घातली आणि 1676 मध्ये ते पाणी भिंगाखाली पाहिलं, तर त्यात असंख्य बारीक जीव वळवळत होते. माणसानं जिवाणू पहिल्यांदा पाहिले त्यांतले काही मसाल्याच्या पाण्यातलेच. काकूंना मी इतकंच सांगितलं, "तुमच्या काढ्यात जीव आहे." त्या म्हणाल्या, "आहेच मुळी."

कडुनिंबाचा गोल होता, पण तो बघायला चष्मा पुसावा लागला. खालच्या आजोबांनी तो स्वतःच्या चष्म्यातून पाहिला आणि त्यांना तो दुप्पट दिसला.

मधाचा गोल छोटा पण नीटनेटका. मधात पाणी इतकं कमी असतं की जिवाणूंच्या अंगातलंच पाणी ओढून घेतलं जातं. शिवाय त्यातल्या एका विकरामुळे थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मग आम्ही लोक पितात तसा ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर मध कालवला. त्या चकतीनं पाण्याच्या चकतीशी बरोबरी साधली. नणंद म्हणाली, "कोमट म्हणजे नक्की किती कोमट होतं?" मी मधाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला गेले, की एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात. यावर "आपण सगळे मध चाटूनच वाढलो" असा ठराव एकमतानं मंजूर झाला. ज्यांचं बिनसलं ते मत द्यायला हजर नव्हते.

सगळ्यात भव्य गोल लवंगेच्या तेलाचा. दाताच्या दवाखान्यात जो वास येतो तो लवंगेतल्या युजेनॉलचाच. पण आनंद कोणालाच झाला नाही. ते तेल मी मेडिकलमधून उगाच जाता जाता आणलं होतं. त्याच्यामागे ना माहेर ना सासर. जिंकलेल्या उमेदवाराच्या गळ्यात घालायला हार होता, घालणारं कोणी नव्हतं.

आणि हळद? हळदीभोवती जिवाणू चकतीला खेटून उगवले होते. चकतीच्या कडेनं पिवळा डाग मात्र छान पसरला होता. सासूबाईंनी कन्येची पट्टी घेतली आणि डाग मोजला. "अकरा."

"आजी, तो रंग आहे. त्या रंगात जंतू उगवलेत, बघ."

"उगवलेत, पण पिवळे पडलेत ना?"

मी मध्ये पडले. सांगितलं, की हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ते आगरमध्ये पसरत नाही आणि गोल पडत नाही. गोल लहान म्हणजे औषध निरुपयोगी असंही नव्हे. पाण्यात विरघळणारा लबाड लांब जातो आणि न विरघळणारा गुणी जागच्या जागी बसतो. हे वाक्य मी सासूबाईंसाठी खास तयार केलं होतं. त्या निवळल्या नाहीत. "अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलं होतं. ते काय वेडे होते?" पेटंट खरंच दिलं होतं, 1995 मध्ये, जखमेवर हळद लावण्याबद्दल. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं त्याविरुद्ध 32 संदर्भ सादर केले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. पण हा लढा हळद नवी नाही हे सिद्ध करायचा होता. ती आगरवर किती मिलिमीटर पसरते हे तिथं कोणी विचारलं नव्हतं. "म्हणजे माशेलकरांनीही हळद नापास केली नाही," सासूबाई म्हणाल्या, "तू केलीस."

हळद अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून फेरपरीक्षा घेतली. ओली चकती ठेवली आणि गोल पडला! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. एवढ्यात कन्येनं शेजारची चकती दाखवली. तिच्यावर नुसतं अल्कोहोल होतं, आणि गोल तेवढाच होता. हा निकाल घरात फक्त नवऱ्यानं मनापासून स्वीकारला. "मी केव्हापासून सांगतोय, सर्दीला ब्रँडी," तो म्हणाला, आणि 42.8 टक्के हा बाटलीवरचा आकडा वहीत लिहायला सांगू लागला.

मैत्रिणीनं टेट्रासायक्लिनची एक तयार चकतीही दिली होती, तुलनेसाठी. तिचा गोल बघून सगळे गप्प. मग ठरलं, ती बाहेरची, स्पर्धेत धरायची नाही. गंमत अशी, की काढ्यांवर एवढी निष्ठा असलेल्या याच घरात फ्रिजच्या दारात अर्धवट सोडलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या आहेत. दोन दिवस घ्यायच्या, बरं वाटलं की थांबायचं, उरलेल्या पुढच्या शिंकेसाठी. जिवाणूंना सराव द्यायची याहून चांगली सोय कुठल्याच प्रयोगशाळेत नसेल. आणि मुळात सर्दी होते ती विषाणूंमुळे. आमच्या ताटल्यांत विषाणू नव्हते, अँटिबायोटिक त्यांचं काही बिघडवत नाही, आणि ताटलीत जंतू मेला म्हणजे पोटात गेलेलं औषध छातीत पोचून तेच करील असंही नाही. ताटलीत फिनेलही पहिलं येईल. हे सगळं मी रात्री जेवताना सविस्तर सांगितलं. भाजी चांगली झाली आहे, असं सर्वांचं मत पडलं.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही ताटल्या नेल्या नाहीत, फोटो नेले. पहिल्या परीक्षकांनी तक्ता लक्षपूर्वक वाचला. आता कंट्रोलबद्दल विचारतील म्हणून कन्या सरसावून उभी राहिली. ते म्हणाले, "कोरफड का घेतली नाही? आमच्या घरी सगळ्याला कोरफडच." दुसऱ्या परीक्षक बाईंनी पाण्याच्या चकतीवर बोट ठेवलं आणि हळहळल्या, "ही एक बिघडली वाटतं." कन्येला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिला आला ज्वालामुखी.

तर आता सर्वांना विनंती. प्रयोग संपला आहे, पण पदार्थ यायचे थांबलेले नाहीत. गेल्या आठवड्यात अडुळसा आला, गुळवेल आली, आणि कोणाच्या तरी मामांनी बिब्बा पाठवला. कृपया पाठवू नये. स्वतःचं औषध स्वतः तपासायचं असेल तर जरूर तपासा, ओळखीचाच जिवाणू घ्या, झाकण उघडू नका, ताटल्या टाकण्याआधी ब्लीचमध्ये रात्रभर बुडवा आणि काही झालं तरी पाण्याची एक चकती ठेवा. ज्यांचे डबे आमच्याकडे राहिले आहेत त्यांनी ते संध्याकाळी सात नंतर येऊन घेऊन जावेत. सगळे कुकरमध्ये 15 पौंड दाबाखाली वीस मिनिटं ठेवलेले आहेत, काकूंचा दोनदा.